चष्मेवाल्याचं जहाज

४ ऑगस्ट

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण आता आमच्या घरात जहाज शिरलंय आणि ते निवडायची जबाबदारी माझ्यावर आहे. अशा कामाची नोंद ठेवलेली बरी.

झालं असं. दुपारी दुकानात मी एका आजोबांचा नंबर काढत होतो. बायको मागच्या खोलीत काचा घासते, म्हणजे मी सांगेन त्या नंबरची काच फ्रेमच्या मापात आणून बसवते. ती मशीन बंद करून बाहेर आली, मनगटापर्यंत पांढरी धूळ, आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "अहो, मला अल्बट्रॉस बघायचाय."

अल्बट्रॉस हा पक्षी आहे. पंख पसरले तर आमच्या दुकानाच्या दारात अडकेल एवढा मोठा. सगळा जन्म समुद्रावर काढतो, अंडं घालायला तेवढा जमिनीवर येतो, आणि तेही अशा बेटांवर की नकाशातले ते ठिपके मी आधी नखानं खरवडून पाहिले. तिथे विमान जात नाही. छोट्या जहाजानं जायचं, तेही पक्षी अंड्यावर बसलेले असतील तेव्हाच. म्हणजे नोव्हेंबरात.

"लग्न झाल्यापासून मी हातभर अंतरावरचंच बघतेय," ती म्हणाली. "काच, फ्रेम, स्क्रू. आता साठी आली. गुडघे धड आहेत तोवर मला काहीतरी लांबचं बघायचंय."

"बरोबर आहे बाईंचं," आजोबा खुर्चीतून म्हणाले. त्यांना अजून सगळ्यात वरचं अक्षरसुद्धा वाचता आलं नव्हतं, पण मत होतं.

मी म्हटलं, जाऊ की! त्यात काय? फक्त जहाज नीट निवडायला हवं.

७ ऑगस्ट

निवडीच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकणार नाही. हयात गेली यात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" एका वेळी दोनच. तीन दाखवली की माणूस गोंधळतो. यातली मेख अशी की थोड्या वेळानं माणूस कंटाळतो आणि सुटका व्हावी म्हणून "दुसरं" म्हणायला लागतो. म्हणून अधूनमधून तेच भिंग पुन्हा घालून विचारायचं. लबाडी लगेच उघडी पडते.

जहाजांनाही हीच पद्धत लावणार आहे. माहितीपत्रकं मागवली.

१३ ऑगस्ट

रात्रीच्या जेवणानंतर पहिली चाचणी घेतली. एका हातात मोठं जहाज: पोहण्याचा तलाव, नाचायचा हॉल, तीन मजली भोजनगृह, अजिबात हलत नाही असं लिहिलंय. दुसऱ्या हातात छोटं: माणसं थोडी, पंखा छोटा, खिडकी गोल.

"हे बरं, की हे?"

"मोठ्या जहाजातून बेटावर उतरू देतात का?"

उतरू देत नाहीत. बेटावर एका वेळी मोजकीच माणसं चालतात, पक्षी बिचकतात म्हणून. मोठ्या जहाजातली मंडळी लांबूनच दुर्बिणी लावून बघतात.

"मग छोटं," ती म्हणाली.

मी दुसरी जोडी दाखवली, तिसरी दाखवली. ती दर वेळी छोटं म्हणाली. शेवटी मी माझी युक्ती केली: पहिलंच छोटं जहाज दुसऱ्या माहितीपत्रकातून पुन्हा दाखवलं.

"तेच आहे हे. फोटो तेवढा दुसऱ्या बाजूनं काढलाय," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

नजर चांगली आहे हिची. पण छोटं म्हणजे किती छोटं, तेही बघायला हवं. घाई उपयोगाची नाही.

२१ ऑगस्ट

जहाज कंपनीच्या बुकिंग ऑफिसात गेलो, हिला बरोबर घेऊन. बुकिंगवाली बाई चुणचुणीत आहे. तिचा चष्मा मात्र नाकावरून घसरत होता, तो मी तिथल्या तिथे दांड्या वाकवून बसवून दिला. त्यामुळे तिनं माझ्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. डॉक्टर असतो का? असतो. तो खरा डॉक्टर असतो की नावापुरता? खरा. जहाज हलतं का? "समुद्र हलतो, काका. जहाज त्याच्याबरोबर असतं." बेटावर उतरायचं कसं? रबरी होडीनं किनाऱ्यापर्यंत, मग गुडघाभर पाण्यात पाय टाकून चालत.

गुडघाभर!

मधल्या मजल्यावरची दोघांची एक केबिन तिनं आमच्या नावानं धरून ठेवली. पक्कं करायला काही आठवड्यांची मुदत आहे. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात ही बुकिंगवालीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी आल्यावर दोघी गप्प झाल्या. बायकांचं काहीतरी असेल.

३१ ऑगस्ट

जहाज बंदरात लागलं होतं, ज्यांनी केबिन धरलीय त्यांना बघायला बोलावलं होतं. चढायला एक अरुंद फळी असते, तिला दोन्हीकडून दोर. माझ्या बुटांचे तळवे झिजलेत हे मला नेमकं तिथेच आठवलं. शिवाय हिची पर्स कुणीतरी सांभाळायला हवी होती. मी धक्क्यावरच थांबलो.

ती तासभर आत होती. वरच्या डेकवरून हात हलवून म्हणाली, "या ना, फार छान वारा आहे!" मी खालून म्हटलं, वारा इथेही आहे.

उतरली तेव्हा तिचे केस पार विस्कटले होते आणि चेहरा असा की मी क्षणभर ओळखलंच नाही. परत येताना नुसती खिडकीबाहेर बघून हसत होती.

नवे बूट घ्यायला हवेत.

९ सप्टेंबर

लेक जेवायला आली होती. ती पोहायला शिकवते, मोठ्या तलावावर. लहानपणी तिला पोहायला नेण्याचं काम आईकडे होतं, कारण मला त्या पाण्यातल्या औषधाच्या वासानं शिंका येतात. मी वरच्या पायऱ्यांवर बसून लक्ष ठेवायचो.

मी तिला सगळी अडचण समजावून सांगितली: छोट्या जहाजांपैकी एकात डॉक्टर अनुभवी आहे पण केबिन पुढच्या टोकाला, दुसऱ्यात केबिन मध्यावर पण डॉक्टर नवखा. शिवाय आणखी एक कंपनी सापडलीय, तिचं माहितीपत्रक यायचंय.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही यातल्या कुठल्या जहाजावर खरंच चढणार आहात का?"

"म्हणजे काय! निवडतोय कुणासाठी मग?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

१६ सप्टेंबर

वाईट बातमी. तिसऱ्या कंपनीचं पत्रक यायची वाट बघण्यात आमची मुदत काल संपली आणि धरलेली केबिन दुसऱ्या जोडप्याला गेली. चूक माझी नाही, त्यांनी फोन केला होता, पण मी नेमका एकाचा नंबर काढत होतो आणि अर्धवट सोडता येत नाही. फोन करतो म्हणालो आणि राहून गेलं.

हिला सांगताना फार वाईट वाटलं. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ती नुसतं "हं" म्हणाली.

खूप दुःख झालं. जेवण मात्र झकास झालं होतं, दोनदा वाढून घेतलं. झोपही छान लागली. बऱ्याच दिवसांनी.

१८ सप्टेंबर

आज मशीन बंद करून ही पुन्हा बाहेर आली. म्हणाली, "अहो, त्याच जहाजात बायकांच्या केबिनमध्ये एक पलंग मोकळा आहे. मी तो घेतलाय. मी जाऊन येते."

मी खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत.

"एकटी?"

"बाकीच्या तिघी आहेत केबिनमध्ये."

मी बुकिंग ऑफिसात फोन लावला. बुकिंगवाली म्हणाली, हो काका, खरंय, तो पलंग ऑगस्टपासून एका बाईंनी धरून ठेवला होता, आत्ताच पक्का झाला. आता बोला! कुणीतरी बिचारीनं बेत बदलला असणार आणि नेमका हिच्या वाट्याला आला. नशीब म्हणतात ते हे.

१९ सप्टेंबर

दिवसभर आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. "डावी काच." "ही घ्या." संध्याकाळी शटर ओढताना मी म्हटलं, माझ्याशिवाय जायचा विचार तुझ्या मनात आला तरी कसा?

ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला पाण्याची भीती वाटते. त्यात लाजायचं काय?"

मला इतका राग आला की कुलूप दोनदा लावलं. भीती! मला! मी रस्ताभर तिला तिन्ही जहाजांचे दोष पुन्हा ऐकवले. घराच्या जिन्यापाशी माझ्याकडचे दोष संपले. मग मी म्हटलं, हो. वाटते. पायाखाली काही हललं की माझ्या तोंडचं पाणी पळतं. झोपाळा नाही चालत, शिडी नाही चालत. त्या फळीपाशी बुटांचं नुसतं निमित्त होतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके मन लावून शोधत होता. म्हटलं, शोधता शोधता जाईलही भीती."

मी विचारलं, मी जाऊ नकोस म्हटलं तर?

ती जिन्याची एक पायरी खाली आली. "तर नाही जाणार," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणू नका."

तसं म्हणालो नाही. जिभेच्या टोकावर होतं. वर गेलो आणि तिच्यासाठी दुर्बीण कुठली बरी ते बघायला बसलो.

२ ऑक्टोबर

दुर्बीण घेतली. हिला पहिल्यांदा बाल्कनीतून बघायला लावलं. तिनं समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं कबूतर पाहिलं आणि मग किती तरी वेळ काढलीच नाही डोळ्यांवरून. चहा गार झाला तिचा. इतकी वर्षं मी लोकांना लांबचं दिसण्यासाठी चष्मे करतोय आणि घरात एक दुर्बीण नव्हती.

१४ नोव्हेंबर

ती गेली.

तिची बॅग मी जहाजावर नेऊन ठेवली. हे एक वाक्य लिहायला मला चहाचे दोन कप लागले. फळीवर डोळे मिटले होते, दोर इतका घट्ट धरला होता की मागचा खलाशी म्हणाला, काका, दोर आमचा आहे, घरी नेऊ नका. आत गेलो. केबिन बघितली. इतर तिघी भेटल्या, एक शिक्षिका, एक नर्स आणि एक आजी, जिच्या चष्म्याची डावी काच सैल होती. ती घट्ट करून दिली. तेवढ्या वेळात जहाज दोनदा हललं. दोन्ही वेळा मी आजीच्या नाकाचा आधार घेतला.

उतरताना ही म्हणाली, "जमलं की!"

मी धक्क्यावर उभा राहून हात हलवला. भोंगा वाजला तेव्हा मला रडू आलं. मग शेजारी एक बाई तिच्या मुलाला बघून रडत होती, तिला मी रुमाल दिला आणि मला स्वतःला बाहीनं भागवावं लागलं.

१७ नोव्हेंबर

काचा आता मलाच घासाव्या लागतात. माझी समजूत होती की अवघड काम नंबर काढण्याचं आणि घासणं म्हणजे नुसती हमाली. आज एका मास्तरांना चष्मा दिला. ते दारापर्यंत गेले आणि भिंतीला धरून परत आले. "अहो, तुमची जमीन तिरकी आहे." मी म्हटलं, जमीन सरळच आहे. मग माझ्याच डोळ्यांवर चढवून पाहिला. तिरकस नंबरच्या काचा ठरावीक कोनातच बसवाव्या लागतात, त्या मी फिरवून बसवल्या होत्या. फरशी डावीकडे उतरत होती, काउंटर अंगावर येत होतं.

मास्तरांना त्यांचा जुना चष्मा परत दिला, माफी मागितली, नवा उद्या देतो म्हटलं. ते गेल्यावर मात्र मला एक भन्नाट कल्पना सुचली.

१९ नोव्हेंबर

कल्पना अशी: समुद्रावर जे होतं ते डोळ्यांनाच होतं ना? मग सराव घरीच का करू नये? त्या बिघडलेल्या काचा दुसऱ्या फ्रेममध्ये बसवल्या आणि घरात घालून फिरतोय. पहिल्या दिवशी सोफ्यापर्यंत. आज स्वयंपाकघरापर्यंत गेलो. दूध अर्धं ओट्यावर सांडलं, पण मी पडलो नाही.

कालपेक्षा आज प्रगती आहे.

२२ नोव्हेंबर

लेकीनं पकडलं. तिच्याकडे किल्ली असते हे मी विसरलो. मी भिंतीला पाठ लावून बाथरूमकडे सरकत होतो. तिनं किंचाळून मला धरलं, खाली बसवलं, हात वर करायला लावले, हसायला लावलं. तिला वाटलं, मेंदूत काहीतरी झालं.

मी सगळं सांगितल्यावर ती खरंच खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "बाबा, समुद्र आहे ना आपल्याकडे. खरा. बंदरातून पलीकडे होडी जाते रोज. चला."

मी म्हटलं, आज दुकान आहे. ती म्हणाली, आज रविवार आहे.

गेलो. मधोमध बसलो, तिनं माझा हात धरला. सुटल्याबरोबर मला कळलं की डोळ्यांचा यात काहीएक संबंध नाही. सगळं पोटाचं काम आहे. पलीकडच्या काठावर उतरून मी एका कठड्याशी जे केलं ते इथे लिहीत नाही. लेक पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आईला नाही सांगणार." तिचा चेहरा बघून कळलं, सांगणार.

परत यायला दुसरा रस्ता नव्हता. होडीनंच आलो.

२६ नोव्हेंबर

दुकान बंद झाल्यावर पुन्हा गेलो, या वेळी एकटाच. शेजारच्या केमिस्टनं गोळी दिली होती. जाताना डोळे मिटून. येताना एक उघडला. पाणी हिरवं होतं. कठड्यापाशी गेलो नाही.

२९ नोव्हेंबर

रोज जातोय. आज दोन्ही डोळे उघडे. होडीवाला आता मला ओळखतो. म्हणाला, "पलीकडे काय काम असतं तुमचं रोज?" मी म्हटलं, काही नाही, परत येतो.

मास्तर चष्मा नेऊन दोनदा मुद्दाम सांगायला आले की जमीन सरळ आहे. घासणं जमायला लागलं. तरी संध्याकाळी मशीन बंद केलं की मागची खोली फार रिकामी वाटते. मला बायको हवी आहे. परत यायला अजून अवकाश आहे आणि मला ती आत्ता इथे हवी आहे, धुळीच्या हातांनी.

१ डिसेंबर

जहाजावरून फोन आला! लाइन खरखरीत, मधेच तुटत होती, पण तिचा आवाज होता. मी एका बाईंच्या डोळ्यांवर फ्रेम चढवली होती, त्यांना एक मिनिट म्हटलं.

ती एवढ्या वेगानं बोलत होती की जणू कुणीतरी फोन हिसकावून घेईल. गुडघाभर पाण्यातून चालत गेली. बेटावर पोचली. हजारो पक्षी, आणि तिच्यापासून इतक्या जवळ की दुर्बीण लागलीच नाही. "लांबचं बघायला आले आणि पुन्हा हातभर अंतरावरच बसलेय," ती म्हणाली आणि हसली.

एका पक्ष्यापाशी ती रोज जाते. "नर-मादी दिसायला सारखेच, पण बसलेली मी 'ती' धरलीय. अंड्यावर बसून होती, हलली नाही. खाणं नाही, पिणं नाही, समुद्राकडे तोंड. आज जोडीदार आला."

"मग?"

"मग काय, चोचीला चोच लावली, जरा गळ्यात गळा घातला. मग ती उठली, तो बसला आणि ती सरळ समुद्रावर गेली उडत. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"बिचारा!" मी म्हटलं.

यावर ती इतकी हसली, इतकी हसली की मला वाटलं लाइन बिघडली. यात हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. तो बिचारा इतक्या लांबून आला होता.

"पण ती परत येते ना?" मी विचारलं. माझा आवाज जरा विचित्र निघाला. बाईंनी फ्रेममधून माझ्याकडे पाहिलं.

"येते हो," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "नक्की येते." मग खरखर झाली. मग म्हणाली, "लेकीचा निरोप मिळाला मला. होडीचा. कठड्याचासुद्धा. अहो, पुढच्या वर्षी याल का माझ्याबरोबर?"

मी कोणतं जहाज ते विचारलं नाही. डॉक्टर कोण, केबिन कुठली, काहीच नाही. "हो," म्हटलं.

"ऐकू नाही आलं!"

"हो!"

"काय?"

मग मी जे ओरडलो ते रस्त्यापलीकडे गेलं असणार. लाइन तुटली. तिला ऐकू गेलं की नाही ते ती आली की कळेल. बाईंनी स्वतःच्या हातानं फ्रेम उतरवून काउंटरवर ठेवली, म्हणाल्या, मी उद्या येते, तुमचं घरचं काहीतरी चाललेलं दिसतंय. मी म्हटलं, हो, या उद्या. शटर ओढलं आणि होडीवर गेलो. आज होडीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो, पार पलीकडे पोचेपर्यंत.